तिसऱ्या आणि चौथ्या खोलीच्या मधे

१

हिवाळाभर एकाच जागेवरून एकच देखावा टिपायचा, असं मी ठरवलं त्यात कला थोडी आणि नाइलाज जास्त होता.

पानगळ सुरू झाली तेव्हा ड्रायव्हरसाहेबांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. ड्रायव्हरसाहेब म्हणजे माझा नवरा. एकतीस वर्षं शहराची बस चालवली, म्हणून गल्लीत सगळे तसंच म्हणतात आणि लाडात आले की मीही. डॉक्टरांनी रोज सकाळी चाळीस मिनिटं चालायला सांगितलं होतं, आणि त्यांच्यावर कुणाची तरी नजर हवी होती. माझे गुडघे चाळीस मिनिटांना तयार नव्हते. मग आम्ही तोडगा काढला. घरामागची गल्ली उतरली की पाणीपुरवठ्याचा जुना तलाव आहे. त्याचं पाणी आता कुणी पीत नाही. ड्रायव्हरसाहेबांनी तलावाला फेऱ्या मारायच्या आणि मी अलीकडच्या पायऱ्यांवर बसून त्यांच्याकडे बघायचं. नुसतं बसून काय करायचं, म्हणून लेकीचा जुना कॅमेरा कपाटातून निघाला.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर हौशी फोटोवाल्यांचा एक गट जमतो. नऊ माणसं, त्यातली सात निवृत्त. गटाचे प्रमुख स्टुडिओवाले. आयुष्यभर पासपोर्टचे फोटो काढल्यामुळे ते कुणाशीही बोलताना आधी त्याची हनुवटी सरळ आहे का ते बघतात. त्यांनी हिवाळ्याच्या प्रदर्शनाला विषय दिला होता, ‘घरापासून हजार पावलांत’. मला म्हणाले, “रोज तीच जागा, तीच वेळ, तीच चौकट. बघा, महिन्याभरात जागा बोलायला लागेल.”

माझी चौकट अशी होती: खाली पाणी, वर राखाडी आभाळ, मधे पलीकडचा काठ. त्या काठावर पूर्वीच्या कामगारांच्या पाच खोल्या, एका ओळीत, भिंतीला भिंत लागून. पाच निळी दारं, पाच गंजलेली कुलपं. सव्वासातला ड्रायव्हरसाहेब त्यांची पिवळी टोपी घालून खोल्यांसमोरून जायचे. राखाडी देखाव्यात तेवढा एकच पिवळा ठिपका. मी बटण दाबायची.

२

अकराव्या दिवशी पाणी पहिल्यांदा पूर्ण स्थिर होतं. काठाच्या गवतावर पांढरं दहिवर होतं, वारा नावालाही नव्हता. मी खुशीत घरी आले, जिन्याखालच्या टेबलावर संगणक लावला आणि फोटो मोठा करून बघत बसले. स्वयंपाकघरात ड्रायव्हरसाहेब कपबशा विसळत होते. त्यांच्या हातून बशी बशीवर आपटल्याचा आवाज येत होता.

काठावर पाच खोल्या होत्या. पाण्यात सहा.

मी पुन्हा मोजलं. मोजणं हा माझा धंदा होता. अठ्ठावीस वर्षं मी रक्ताच्या लॅबमधे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजल्या आहेत. माझ्या आकड्यांवर माणसांची औषधं ठरली. पाचाच्या जागी सहा मोजणारी बाई मी नव्हे. मी पेन्सिलीचं टोक पडद्याला लावून एकेक दार मोजलं. वर पाच, खाली सहा. जास्तीची खोली तिसरी आणि चौथीच्या मधे होती. बाकीच्यांसारखीच, तेच उतरतं छप्पर, तसंच निळं दार. फक्त त्या दाराला कुलूप नव्हतं.

आधीचे दहा फोटो काढले. बहुतेकांत पाण्यावर सुरकुत्या होत्या, मोजण्यासारखं काही नव्हतं. पाचव्या दिवशीचा त्यातल्या त्यात स्वच्छ होता. त्यात पाच होत्या.

म्हणजे ही खोली गेल्या सहा दिवसांत आली होती. मनात नेमकं हेच वाक्य आलं आणि मला स्वतःचंच हसू आलं. खोल्या येतात होय, पाहुण्यांसारख्या?

३

स्टुडिओवाल्यांनी फोटो चष्मा वर करून पाहिला, मग चष्मा खाली घेऊन पाहिला.

“लेन्स जुनी आहे,” ते म्हणाले. “आतल्या आत उजेड परततो, एकाचं दोन दिसतं. नाहीतर पाण्याखाली काही जुनं बांधकाम असेल.”

“दोन दिसायचं तर सगळंच दोन दिसायला हवं ना?”

“हवं खरं,” ते म्हणाले आणि त्यांनी फोटो माझ्याकडे जरा घाईनेच परत सरकवला. “तुम्ही कॅमेऱ्याच्या तिपाईची जागा बदलून बघा.”

जागा बदलायच्या आधी मी पलीकडच्या काठाला जाऊन आले. गुडघ्यांची मनधरणी करत, एकटी, भर दुपारी. तिसऱ्या खोलीची भिंत जिथे संपते तिथेच चौथीची सुरू होते. मधे बोटभर फट नाही. चुन्याचा एकच सलग थर. मी त्या जोडावर तळहात टेकवला आणि लगेच काढून घेतला.

भिंत उबदार होती.

मग मी शहाण्यासारखा विचार केला. ऊन पडलं असेल. पण त्या भिंतीवर ऊन कधीच पडत नाही, तिची पाठ उन्हाकडे आहे. तिथलं दहिवर दुपारपर्यंत विरघळलेलं नव्हतं. मी दोन्ही बाजूंच्या भिंतींना हात लावला. त्या बर्फासारख्या होत्या. फक्त मधली दारभर रुंदीची जागा उबदार होती, आत कुणी बसलेलं असावं तशी.

४

त्यानंतर मी फोटोतल्या खोल्या मोजायच्या सोडून ड्रायव्हरसाहेबांना बघायला लागले.

वर काठावर ते चौथ्या खोलीच्या पुढे गेलेले असायचे. पाण्यातली पिवळी टोपी मात्र मागेच, त्या जास्तीच्या दारापाशी रेंगाळलेली. पहिल्या दिवशी एका पावलाचा फरक होता. तिसऱ्या दिवशी चार पावलांचा. एका फोटोत वरचे ड्रायव्हरसाहेब चौकटीतून निघून गेले होते आणि खालचे अजून दाराकडे तोंड करून उभे होते.

आणि घरी त्यांची उत्तरं उशिरा यायला लागली.

ऑपरेशनपासून ते गप्प झालेच होते. एवढा गप्पिष्ट माणूस, प्रवाशांच्या नकला करून जेवणाचं ताट गार करणारा, पण आता हो-नाहीवर आला होता. त्याची मला सवय झाली होती. हे निराळं होतं. मी विचारायची, “चहा टाकू?” ते माझ्याकडे बघत राहायचे. चेहरा शांत. मी आधण ठेवायची, पूड टाकायची, आणि मग मागून आवाज यायचा, “टाक.” लॅबमधलं माझं स्टॉपवॉच अजून होतं. मी पदराआड धरून मोजलं. चार सेकंद. दोन दिवसांनी सहा. आठवड्याने नऊ.

लेकीचा फोन आला. “आई, तुमच्या फोनला काही झालंय का? बाबा माझ्या आधीच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या प्रश्नाला देतायत.”

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्ट मी स्वतः वाचले, एकेक आकडा. हृदय ठणठणीत, रक्त उत्तम. “मोठ्या ऑपरेशननंतर माणसं अशी मंदावतात,” डॉक्टर म्हणाल्या. “उदासी असते ती. चालणं मात्र बंद करू नका हं.”

त्या संध्याकाळी मी ड्रायव्हरसाहेबांसमोर खुर्ची ओढून बसले.

“अहो, उद्यापासून आपण बाजाराच्या रस्त्याने जाऊ या. तलाव नको.”

मी वाट बघत बसले. भिंतीवरचं घड्याळ टकटकत होतं. अकरा सेकंदांनी ते म्हणाले, “तिथं बरं वाटतं.”

“काय बरं वाटतं तिथं?”

पुन्हा तेवढाच वेळ गेला.

“तिथं कुणी घाई करत नाही.”

५

दुसऱ्या दिवशी मी त्यांचे बूट लपवले. ते चपला घालून गेले.

मी गुडघ्यांना तेल चोळलं आणि त्यांच्यामागोमाग निघाले. दंडाला धरून त्यांच्याबरोबर पूर्ण फेरी मारली. खोल्यांसमोरून जाताना त्यांचा हात घट्ट पकडला, भिंतीकडे बघू दिलं नाही, तोंडाने सारखी काहीबाही बडबड करत राहिले. काही झालं नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. घरी येऊन विचारलं, “दमलात का?” उत्तर यायला एकोणीस सेकंद लागले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या काठावर उभं राहिलं की खोल्यांचं प्रतिबिंब आपल्याला दिसतच नाही. मी वरच्या ड्रायव्हरसाहेबांचा हात धरला होता. खालच्यांचा कुणीच धरला नव्हता.

दरवाजाला कुलूप लावून माणसाला घरात कोंडता येतं, पण किती दिवस? आणि अर्धा माणूस तिकडे राहून गेला असेल तर उरलेल्या अर्ध्याला घरात ठेवून मी काय मिळवणार होते? मी रात्रभर नाही, पण चहाचा एक अख्खा कप गार होईपर्यंत यावर विचार केला, आणि ठरवलं की उद्या माझ्याच काठावर बसायचं. जिथून दिसतं तिथून.

६

त्या सकाळी थंडीने कानाच्या पाळ्या दुखत होत्या. पाणी काचेसारखं होतं. मी तिपाई पायरीवर रोवली आणि दर पाच सेकंदांनी आपोआप फोटो निघेल असं कॅमेऱ्याला लावून दिलं, म्हणजे माझे हात मोकळे राहतील. डोळा मात्र कॅमेऱ्याच्या खिडकीलाच होता. लांबची लेन्स होती. सगळं हाताशी आल्यासारखं दिसत होतं.

पिवळी टोपी आली. पहिली खोली, दुसरी, तिसरी. आणि ते थांबले.

काठावरचे ड्रायव्हरसाहेब तिसऱ्या आणि चौथ्या खोलीच्या मधल्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कपाळ भिंतीला टेकलं.

तेव्हा पाण्यावरून आवाज आला. स्थिर पाण्यावरून आवाज लांब जातो, हे शाळेत शिकलेलं मला आठवलं. पण हा आवाज पलीकडून आला नव्हता. तो माझ्या पायांखालून, शेवटच्या पायरीच्या खालून आला. न वापरलेली बिजागरी सावकाश उघडते तसा.

पाण्यातलं सहावं दार उघडं होतं. खालच्या ड्रायव्हरसाहेबांचा एक पाय उंबऱ्यावर होता.

“अहो,” मी हाक मारली. “अहो, इकडे बघा.”

उत्तर यायला किती सेकंद लागतील ते मला माहीत होतं, आणि तेवढे सेकंद माझ्याकडे नव्हते. कॅमेऱ्याचा आवाज झाला. पाच सेकंद गेले. मी चप्पल काढली, का कोण जाणे, देवघरात जाताना काढावी तशी, आणि पायऱ्या उतरून पाण्यात शिरले.

मला पोहता येत नाही. आंघोळीला मी उन्हाळ्यातही गरम पाणी घेते. ते पाणी पोटरीला लागलं तेव्हा हाड चिरल्यासारखं वाटलं. मी दोन्ही हातांनी पाण्यावर थपडा मारल्या. समोरचं प्रतिबिंब फुटलं, वर्तुळं निघाली, आणि मधेच विरून गेली. पलीकडच्या खोल्या पाण्यात तशाच उभ्या. लाट तिथवर पोचत नव्हती. म्हणून मी आणखी आत गेले. मांडीपर्यंत. कमरेपर्यंत. पायाखाली शेवाळ सरकत होतं. मी घाटावर धुताना कपडा आपटावा तसे हात आपटत होते, अंगावरची शाल काढून ती पिळून आपटत होते, आणि तोंडाने काय बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. बसस्टँडवर ऐकलेलं सगळं उपयोगी आलं.

छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा पहिली धड लाट पलीकडे पोचली. पाचवी खोली वाकडी झाली. मग चौथी. मी थांबले नाही. थांबलं की पाणी पुन्हा जुळणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. शाल वर, शाल खाली. लाटांवर लाटा जात राहिल्या, आणि त्या निळ्या दाराचे दोन तुकडे झाले, चार झाले, पंधरा झाले, आणि मी ते मोजायचे सोडून दिले.

एक दार धाडकन बंद झालं. पाण्याला त्याचा धक्का बसला, माझ्या बरगड्यांनाही. आत, खूप खाली, बरीच माणसं एकदम नाराज झाल्यासारखा आवाज झाला आणि बुडबुड्यांसारखा वर येऊन फुटला.

“अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? बाहेर ये आधी.”

मी वर बघितलं. ड्रायव्हरसाहेब पलीकडच्या काठाच्या अगदी कडेला उभे होते, टोपी हातात, चेहरा रागाने लालबुंद.

“येते,” मी म्हणाले, “पण तुम्ही तिथून...”

“मी कुठे जातोय? न्यूमोनिया झाला तर कोण बघणार तुला? या वयात पोहायला निघालीये.”

माझं वाक्य संपायच्या आत ते बोलले होते. एक सेकंदही मधे नव्हता. मी छातीभर गार पाण्यात उभी होते, दात कडकडा वाजत होते, आणि मी हसत होते. एवढा आनंद मला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता, हे मी त्यांना नंतर सांगितलं. त्यावर ते म्हणाले की लग्नाच्या दिवशी माझा चेहरा तरी बरा होता.

७

घरी आल्यावर त्यांनी मला तीन गोधड्यांत गुंडाळलं, गरम पाण्याच्या पिशव्या पायाशी लावल्या आणि दुपारपर्यंत सलग रागावत राहिले. चार महिन्यांची साचलेली बोलणी होती ती. मी डोळे मिटून ऐकत होते. लेकीचा फोन आला तर तिलाही त्यांनी माझी सगळी कहाणी हावभावांसकट सांगितली. फोनवर हावभाव दिसत नाहीत हे त्यांना सुचलं नाही.

संध्याकाळी ते जरा शांत झाले तेव्हा मी विचारलं, “तुम्हाला काय आठवतं?”

त्यांनी टोपीचा काठ चाचपला. “आत कुणीतरी म्हणत होतं, सरका थोडे, सरका. भरलेल्या बसमधे म्हणतात ना, तसं. माझ्यासाठी जागा करत होते.” मग बराच वेळ थांबून म्हणाले, पण हे थांबणं त्यांचं स्वतःचं होतं, “मला वाटलं, इतकी वर्षं आपण चालवली. आता नुसतं बसून जावं.”

“कुठे?”

“ते विचारायचं राहिलं,” ते म्हणाले. “तू आरडाओरडा केलास ना.”

त्यानंतर त्यांनी आमटीला मीठ कमी असल्याची तक्रार केली आणि दोनदा भात घेतला.

मी एकटी असताना कॅमेऱ्यातले फोटो पाहिले. एकशे बारा होते. त्यातला एक मी पाण्यात शिरायच्या आधीचा. उघडं दार, उंबऱ्यावर पाय, आणि दाराच्या अंधारातून आलेला एक हात, ड्रायव्हरसाहेबांच्या खांद्यावर ठेवलेला. हात भयानक नव्हता. लांबून आलेल्या नातेवाइकाला आत घ्यावं तसा आपुलकीचा होता, आणि म्हणूनच माझ्या अंगावर काटा आला. मोजण्याची सवय इतक्या वर्षांची. डोळा आपोआप त्या हाताच्या बोटांकडे गेला. मी नजर काढून घेतली. बोटं मोजली नाहीत.

पुरावा जपून ठेवणारी बाई मी. पण लॅबमधेही काही नमुने आम्ही जपत नसू, भट्टीत टाकत असू. तो फोटो मी पुसून टाकला.

मग चौथ्या दिवशी, सर्दी ओसरल्यावर, आम्ही दोघं अलीकडच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. पाणी स्थिर होतं. मी मोठ्याने मोजलं, ड्रायव्हरसाहेबांनी माझ्यामागोमाग मोजलं. वर पाच, खाली पाच. दोघंही एकाच वेळी हसलो, पाण्यातसुद्धा.

८

प्रदर्शनाला मी एकच फोटो दिला. एकशे बारांतला अठ्ठ्याऐंशीवा. उतरताना माझा धक्का लागून तिपाई हळूहळू पुढे झुकली होती, म्हणून त्यात काठ नाही, खोल्या नाहीत. सगळी चौकटभर फुटलेलं पाणी, नुकत्याच वर आलेल्या उन्हाच्या हजार चिपा, आणि मधे छातीभर पाण्यात पाठमोरी एक म्हातारी, डोक्याच्या वर शाल उगारलेली. पांढरी वेणी हवेत उडालेली.

स्टुडिओवाल्यांनी तो मधल्या भिंतीवर लावला. लोक थांबून बघत होते. पहिला नंबर माझाच आला, हे आत्ताच सांगून टाकते, कारण मला ते सांगायला आवडतं.

स्टुडिओवाले चष्मा वरखाली करत बराच वेळ फोटोसमोर उभे होते. शेवटी त्यांनी ड्रायव्हरसाहेबांना गाठलं.

“देखावा फार जबरदस्त आहे. पण हे नक्की चाललंय काय?”

“भांडण,” ड्रायव्हरसाहेब लगेच म्हणाले.

“कुणाशी?”

ड्रायव्हरसाहेबांनी फोटोतल्या पाण्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, चांगला जड, उबदार हात.

“ते मला माहीत नाही,” ते म्हणाले. “जिंकली ही.”